काचेचं दार आणि पश्चिमेचं ऊन

आयटीत दहा-पंधरा वर्षं घासलेल्या कुठल्याही मुंबई-पुणेकराला विचारा, त्याच्या डोक्यात एक फोटो पक्का बसलेला असतो. समोर समुद्र, मधे थोडी हिरवळ, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकणारं काचेचं दार. दार बंद, आत एसी, हातात कॉफी आणि मांडीवर (अर्थातच) लॅपटॉप. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि हा फोटो भराभर प्रत्यक्षात उतरायला लागला. किहीम, नागाव, काशीद, थेट दिवेआगर-श्रीवर्धनपर्यंत, नवीन बांधलेलं घर दिसलं की त्याला समुद्राच्या बाजूने काच ही असणारच.

आता यात वाईट काय? काही नाही. काच मलाही आवडते. पण गेली दोन वर्षं या एका विषयात जरा जास्तच डोकं घातल्यामुळे माझं एक मत झालंय, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वाद घालायचाय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको :-) रायगडच्या किनाऱ्यावर दारातून येणारी उष्णता अडवायची असेल तर आधी सावली, मग फटी, आणि सगळ्यात शेवटी दुहेरी काच. आपण पैसे मात्र बरोबर उलट्या क्रमाने खर्च करतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. आमचं जुनं घर रेवदंड्याहून मुरुडकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आहे. आई-बाबा निवृत्तीनंतर तिथेच राहतात. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना उकाडा सहन होत नाही, आणि त्यांची खोली नेमकी पश्चिमेला. त्या खोलीचं पडवीत उघडणारं दार कुजलं होतं, म्हणून ते बदलायचं ठरलं. मी एका शोरूममधून कोटेशन आणलं: सरकतं दार, दुहेरी काच, मधे हवाबंद पोकळी, कॅटलॉगमध्ये बर्फात उभ्या असलेल्या घराचा फोटो. तो बर्फ बघून आमच्या गावच्या सुतारकाकांनी एकच प्रश्न विचारला, "अरे, हे दार थंडी आत येऊ नये म्हणून केलंय ना? आपल्याकडे थंडी असते कुठे?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला आकडेमोड करायला लागली. तीच इथे मांडतोय. इंजिनिअर लोकांनी आकडे स्वतः तपासून पाहावेत.

काचेतून उष्णता दोन वाटांनी येते. एक, बाहेर गरम आणि आत गार असल्यामुळे काचेतून झिरपणारी. तिचं माप म्हणजे यू व्हॅल्यू: एक चौरस मीटर काच, आत-बाहेर एक अंशाचा फरक, तर किती वॅट. साध्या ६ मिमी एकेरी काचेची यू व्हॅल्यू साधारण ५.७. दोन काचा आणि मधे १२ मिमीची बंद पोकळी असेल तर २.८ च्या आसपास. म्हणजे निम्मी. शोरूममध्ये आपल्याला दाखवतात तो आकडा हाच. दुसरी वाट म्हणजे सरळ ऊन. काचेवर पडलेल्या उन्हाचा किती भाग उष्णता म्हणून आत पोचतो त्या प्रमाणाला एसएचजीसी म्हणतात. साध्या एकेरी काचेचं ते ०.८२ च्या घरात आणि साध्या दुहेरी काचेचं साधारण ०.७. म्हणजे ऊन अडवण्यात दुसऱ्या काचेचा फारसा उपयोग नाही. पारदर्शक वस्तूच्या मागे दुसरी पारदर्शक वस्तू उभी केली, एवढंच.

आता एप्रिलमधली दुपार घ्या. बाहेर ३३ अंश, आत एसीने २५. फरक आठ अंशांचा. दार ३ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच, म्हणजे ७.२ चौरस मीटर काच. झिरपणारी उष्णता: ५.७ गुणिले ८ गुणिले ७.२, म्हणजे सुमारे ३३० वॅट. दुहेरी काच लावली तर १६० वॅट. वाचले १७० वॅट. छान. आता ऊन. पश्चिमेच्या उभ्या काचेवर संध्याकाळकडे चौरस मीटरला ५०० वॅट धरूया, हा आकडा जास्त नाही. एकेरी काचेतून आत येतात जवळजवळ २९५० वॅट! एक टनाचा एसी ३५०० वॅट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे एक अख्खा एसी नुसत्या दारातल्या उन्हाशी भांडण्यात खर्ची. दुहेरी काच लावली तरी ऊन २५०० वॅटवरच थांबतं.

उलट, काच एकेरीच ठेवली आणि बाहेरून सावली करून पाचातले चार भाग ऊन अडवलं, तर ऊन आणि झिरपणं मिळून येतात ९०० वॅटच्या आसपास. दुहेरी काच, पण सावली नाही: २७०० वॅट. एकेरी काच, पण सावली: ९०० वॅट. यापुढे मत मांडायला फारशी जागाच उरत नाही, पण मी मांडणार आहे.

थंड देशांत हे गणित वेगळं का? तिथे बाहेर उणे पाच आणि आत वीस, म्हणजे फरक पंचवीस अंशांचा, तोही रात्रंदिवस, महिनोन्‌महिने. आणि ऊन त्यांना हवंच असतं. त्यामुळे तिथे यू व्हॅल्यू हा राजा आणि दुहेरी-तिहेरी काच ही शहाणपणाची गोष्ट. आपल्याकडे फरक सात-आठ अंशांचा आणि ऊन हा शत्रू. दुसऱ्याच्या प्रोजेक्टचा कोड रिक्वायरमेंट न वाचता उचलून आणला की काय होतं, ते आपल्याला ऑफिसात चांगलं माहीत असतं. घर बांधताना मात्र आपण ते बिनदिक्कत विसरतो.

हे माझंच म्हणणं आहे असं नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' नावाची घरांसाठीची ऊर्जा नियमावली आणली. ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी प्रकल्पांसाठी लिहिलेली आहे, त्यामुळे आपल्या छोट्या बंगल्याला कोणी ती विचारणार नाही. पण तिच्यातलं सूत्र बघण्यासारखं आहे. भिंती आणि काचांमधून घरात किती उष्णता येते ते काढून ती चौरस मीटरला १५ वॅटच्या आत ठेवा, असं ती सांगते. आपल्यासारख्या उष्ण-दमट पट्ट्यासाठी त्या सूत्रात काचेच्या यू व्हॅल्यूला गुणायचा आकडा आहे १.३१ आणि एसएचजीसीला गुणायचा आकडा आहे ६५.२१. साध्या काचेचे आकडे घालून पाहा. यू व्हॅल्यूच्या खात्यात येतात साडेसात, उन्हाच्या खात्यात साडेत्रेपन्न. वर दिशेचा गुणकही आहे. तो उत्तरेला एकापेक्षा कमी आणि पश्चिमेला एकापेक्षा जास्त.

आणि इथेच रायगडच्या किनाऱ्याचं खरं दुखणं आहे. आपला समुद्र पश्चिमेला आहे! जिकडे बघावंसं वाटतं तिकडूनच ऊन येतं, तेही दुपारी तीननंतर, म्हणजे भिंती आधीच तापलेल्या असताना. बरं, पश्चिमेचं ऊन खाली उतरलेलं असतं, त्यामुळे नुसतं छप्पर पुढे काढून भागत नाही. एप्रिलच्या मध्यावर पावणेपाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण तीस अंशांवर असतो. तुमची पडवी २.४ मीटर, म्हणजे चांगली आठ फूट रुंद असली, तरी तिची सावली दारावर वरून फक्त १.४ मीटर उतरते. खालचा मीटरभर भाग उन्हातच. त्यानंतर दर मिनिटाला सावली आणखी वर सरकते. म्हणजे पडवीला काहीतरी उभं पाहिजे: बांबूच्या चट्या, झावळ्या, समोर माडांची रांग, किंवा झिलमिली.

झिलमिली म्हणजे लाकडाच्या तिरप्या आडव्या पट्ट्या, ज्यांतून वारा येतो, उजेड चाळून येतो, पण ऊन आणि पावसाची झड बाहेर राहते. गिरगावातल्या जुन्या चाळीत राहिलेल्यांना हा शब्द सांगायला नको. ही काही म्हाताऱ्यांची हौस नव्हे. मुरुड तालुक्यातल्या नांदगावला स्टुडिओ मुंबईच्या बिजॉय जैन यांनी २००७ मध्ये बांधून पूर्ण केलेलं 'पामायरा हाउस' याच एका कल्पनेवर उभं आहे. माडांच्या वाडीत दोन लांबट लाकडी इमारती, आणि त्यांच्या बाजूंना ताडाच्या खोडापासून काढलेल्या पट्ट्यांची झिलमिली. २०१० च्या आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत ते घर होतं. म्हणजे जगभरचे वास्तुरचनाकार आपल्या किनाऱ्यावर येऊन झिलमिली बघतात आणि आपण तिच्या शेजारी बर्फातल्या देशाचं दार लावतो.

जरा खाली गोव्यात उतरलात तर आणखी एक नमुना दिसेल. तिथल्या जुन्या घरांत खिडकीच्या लाकडी चौकटीत काचेऐवजी चपट्या शिंपल्यांची तावदानं बसवलेली असत. उजेड दुधाळ होऊन आत येतो, डोळ्यांवर चमक नाही, आणि एक तुटलं तर तेवढंच बदलायचं. काच महाग होती म्हणून तसं केलं असेल, मान्य. पण एक मोठं तावदान करण्याऐवजी पन्नास छोटी करायची, ही कल्पना आजही वाईट नाही.

आता दुसरा मुद्दा, फटींचा. हा मुद्दा कोणालाच आवडत नाही, कारण फट दाखवायला शोरूम नसतं.

किनाऱ्यावरच्या हवेत पाणी भरपूर असतं. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दर किलो हवेत बावीस-तेवीस ग्रॅम वाफ. आत २५ अंश आणि ५५ टक्के असेल तर अकरा ग्रॅम. म्हणजे बाहेरची एक किलो हवा आत शिरली की एसीला ती गार करायचीच, शिवाय तिच्यातली साडेअकरा ग्रॅम वाफ पिळून बाहेर काढायची. हे पिळण्याचं काम नुसत्या गार करण्याच्या तिप्पट-साडेतिप्पट पडतं. दाराखाली एक सेंटिमीटरची फट आहे, दार ९० सेंटिमीटर रुंद आहे आणि फटीतून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हवा येते असं धरा. हिशोब १९० वॅटच्या आसपास जातो. मघाशी ७.२ चौरस मीटर दुहेरी काच लावून आपण झिरपण्यातले किती वाचवले होते? १७०. म्हणजे लाखाच्या घरातल्या काचेच्या इन्सुलेशनने जे कमावलं, ते हार्डवेअरच्या दुकानातली दाराखालची रबरी पट्टी काही शे रुपयांत कमावते.

सरकत्या दाराचं दुखणं इथेच आहे. सरकायचं म्हणजे घट्ट बसून चालत नाही, म्हणून कडांना ब्रशसारख्या पट्ट्या असतात. त्यांतून हवा येते. खालच्या रुळात वाळू आणि मीठ जमतं, चाकं गंजतात, आणि तीन पावसाळ्यांत ते दार ढकलायला दोन माणसं लागतात. बिजागरीचं दार बंद होताना चौकटीवर दाबून बसतं. आपल्या आजी-आजोबांच्या दाराला उंबरठा होता, त्याचं शास्त्र एवढंच: खालची फट बंद, पावसाचं पाणी बाहेर, विंचू-किडे बाहेर. चाकांच्या बॅगा आणि सलग फरशीच्या नादात आपण उंबरठा काढून टाकला. अर्थात बाबांच्या गुडघ्यांना चार इंची उंबरठा झेपणार नाही हेही खरं. म्हणून आम्ही दीड सेंटिमीटरचा, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला उंबरठा केला आणि दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावली.

तिसरा मुद्दा वीज. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्याने. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, पत्रे उडाले, आणि कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. वादळ सोडा, पावसाळ्यात साधी फांदी पडली तरी आमच्याकडे रात्रभर वीज नसते. हवाबंद काचेच्या खोलीत एसी बंद पडल्यावर चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने काय करायचं? दार सताड उघडं टाकून झोपायचं? सुतारकाकांचं एक वाक्य मला कुठल्याही कॅटलॉगपेक्षा पटलं: "दार लावायला असतं तेवढंच उघडायलाही असतं."

वाऱ्याचाही हिशोब करून बघा. वाऱ्याचा दाब म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले ०.६, वेग मीटर प्रति सेकंदात. ताशी १२० किमी म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ६७० न्यूटन, म्हणजे ६८ किलो. आपल्या ७.२ चौरस मीटरच्या दारावर ४९० किलो! दहा-बारा पैलवानांनी एकदम रेटा दिल्यासारखं. चांगल्या जाडीची टफन्ड काच हे सोसते, पण उडून आलेला पत्रा किंवा नारळ सोसेलच असं नाही. आणि वाऱ्याच्या बाजूचं दार फुटलं की वारा आत शिरतो, घर फुग्यासारखं फुगतं आणि छप्पर खालून उचललं जातं. दार गेलं की पाठोपाठ छप्पर, हा क्रम वादळात नेहमीचा आहे. त्यामुळे काचेच्या पुढे लाकडाची एक झडप असणं हा सौंदर्याचा प्रश्न नाही.

तर मग आम्ही केलं काय? एकाच चौकटीत दोन दारं. बाहेरच्या बाजूला झिलमिलीच्या दोन झडपा, बाहेर उघडणाऱ्या. आतल्या बाजूला आणखी दोन झडपा, आत उघडणाऱ्या, वरच्या अर्ध्यात काच आणि खालच्या अर्ध्यात भरीव इन्सुलेशन. दुपारी झिलमिली बंद, आतलं दारही बंद, एसी चालू. संध्याकाळी ऊन उतरलं की झिलमिली उघडायची आणि काचेतून समुद्र बघायचा. रात्री वीज गेली की आतलं दार उघडायचं, झिलमिलीला कडी घालायची: वारा येतो आणि चोर येत नाही. वादळाची सूचना आली तर सगळं बंद, झिलमिलीच्या मागे आडवा अडसर.

ज्यांना असं दार स्वतः करून घ्यायचंय त्यांच्यासाठी काही बारकावे.

एक, लाकूड. जुन्या पाडलेल्या घराचं सागवान मिळालं तर सोनं. चाळीस मिमी जाड सागवानी दाराची यू व्हॅल्यू अडीचच्या आसपास येते, म्हणजे साध्या दुहेरी काचेपेक्षाही किंचित चांगली. आपल्या आजोबांचं दार 'इन्सुलेटेड'च होतं, फक्त त्यावर स्टिकर नव्हता. पण लाकूड पावसाळ्यात फुगतं. एक फूट रुंद फळी उन्हाळा ते पावसाळा दोन-तीन मिलिमीटर सहज हलते. म्हणून फळी चौकटीत डिंकाने चिकटवायची नाही, खाचेत मोकळी बसवायची, म्हणजे ती आतल्या आत सरकते आणि दाराचं माप बदलत नाही. सुतारांना हे शेकडो वर्षं माहीत आहे. आणि माप पावसाळ्यात घेतलंय की उन्हाळ्यात, ते विचारात घ्या. मे महिन्यात घट्ट बसवलेलं दार जुलैत उघडत नाही.

दोन, खालचा भरीव भाग. बाहेरून सागवानी फळ्या, मधे २५ मिमी एक्सपीएस फोम, आतून मरीन प्लाय. यू व्हॅल्यू एकच्या आसपास येते. इथे एक गोम आहे. थंड देशांतली पुस्तकं सांगतात की वाफ अडवणारा पडदा आतल्या बाजूला लावा, कारण तिथे वाफ घरातून बाहेर जायला बघते. आपल्याकडे उलटं. वाफ बाहेरून आत येते, एसीने गार झालेल्या भागापाशी पोचते आणि तिथे पाणी होते. म्हणून पडदा फोमच्या बाहेरच्या बाजूला. पुस्तकाप्रमाणे लावाल तर दोन वर्षांत प्लाय आतून काळा पडेल. त्याच कारणाने पावसाळ्याच्या रात्री एसी वीसवर ठेवला की एकेरी काच बाहेरून धुकते. आतून पुसत बसू नका :-)

तीन, काच. ऊन अडलेलं असल्यामुळे इथे दुहेरी काच लावायला माझी हरकत नव्हती. वादळाचा आणि लाटांचा आवाज कमी होतो, काच धुकत नाही, आणि बाबांची झोप हा बजेटमधला सगळ्यात महत्त्वाचा आयटम होता. पण दुहेरी काचेचं आयुष्य तिच्या कडांवर असतं. दोन काचांच्या मधल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे भरलेले असतात आणि कडेला सीलंटचे दोन थर. ही कड पाण्यात बसून राहिली की सील सुटतं, ओल आत शिरते, आणि मग काच आतून पांढरी पडते. ती पुसता येत नाही, अख्खी बदलावी लागते. म्हणून खाचेच्या तळाला उतार आणि पाणी जायला भोकं ठेवायची, काच लाकडावर न टेकवता रबराच्या ठोकळ्यांवर उभी करायची, सगळ्या बाजूंनी तीन-चार मिमी मोकळीक. सिलिकॉन घेताना विनेगरसारखा वास येणारा घेऊ नका, तो दुहेरी काचेच्या सीलंटला आणि धातूला त्रास देतो. न्यूट्रल क्युअर मागा. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, तेव्हा आधी चौकट पूर्ण करा, मग माप घ्या, मग ऑर्डर द्या. आणि वजन विसरू नका: काच दर मिमी जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. प्रत्येक झडपेला तीन बिजागऱ्या हव्यातच.

चार, धातू. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर साधं लोखंड विसराच. दुकानात मिळणारं नेहमीचं स्टेनलेस म्हणजे ३०४, त्यालाही खाऱ्या हवेत तांबूस ठिपके पडतात. ३१६ मागा, त्यात मॉलिब्डेनम असतं. किंवा सरळ पितळ. पितळी बिजागऱ्या हिरव्या पडतात पण चालतात.

धातूवरून आठवलं म्हणून विषयांतर. अलिबागला समुद्राजवळ एक भूचुंबकीय वेधशाळा आहे, आता ती भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याची चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला उभी राहिली आणि इमारतींना मुद्दाम चुंबकीय नसलेलं साहित्य वापरलं. ट्रामा धावल्या १९०७ मध्ये. म्हणजे अडचण यायच्या तीन वर्षं आधी, गरज नीट लिहून काढून, त्यातून इमारतीचं साहित्य ठरवलं. आपल्या किनाऱ्यावर असंही बांधलं गेलंय. असो.

आता विरोधी बाजू. काही मित्रांचं म्हणणं असं की चांगली कोटिंगवाली दुहेरी काच घेतली तर एसएचजीसी ०.३ च्याही खाली येतं, मग झिलमिली कशाला? खरं आहे. तांत्रिकदृष्ट्या ते उत्तर चोख आहे, आणि ज्यांना दिवसभर समुद्र बघायचाय आणि पैशांची अडचण नाही त्यांनी ते जरूर घ्यावं. पण मग खोली कायम बंद राहणार, वीज कायम लागणार, आणि काच फुटली की नवीन काच मापाप्रमाणे शहरातून बनवून आणेपर्यंत तिथे प्लायवूड. झिलमिलीची एक पट्टी तुटली तर काका सकाळी येतात आणि दुपारी जेवायच्या आधी बसवून जातात. सर्व्हिस सेंटर म्हणतात ते हेच.

दुसरा आक्षेप खर्चाचा. आमचं दार शोरूमच्या कोटेशनच्या निम्म्याहून थोडं जास्त पडलं. वेळ मात्र सहा आठवडे लागला, कारण काका गणपतीत काम करत नाहीत, आणि का करावं? हे सहा आठवडे ज्यांना परवडत नाहीत त्यांची अडचण मला समजते. पण एक गोष्ट सांगतो. काकांच्या हाताखाली सध्या एकच मुलगा आहे, आणि तोही म्हणतो की गावात नवीन घरांत सुताराला काम उरलेलं नाही, सगळं तयार येतं. शहरातून येणारे आपण आठ महिने बंद राहणाऱ्या घरांना लाखोंची काच लावतो, आणि त्याच गावातल्या माणसाला दार करायला सांगत नाही. उद्या त्या काचेच्या दारात काही बिघडलं तर बघायला येणार कोण? सुतार एकदा पनवेलला फर्निचरच्या कारखान्यात गेला की परत येत नाही.

बाबांच्या खोलीत एप्रिलमध्ये एसी लागतोच, तो काही या दाराने सुटला नाही. पण दुपारी तो चालू-बंद होत राहतो, पूर्वीसारखा एकसारखा घरघरत नाही. आणि गेल्या पावसाळ्यात दोन रात्री वीज नव्हती तेव्हा ते झिलमिली लावून शांत झोपले, असं आईने फोनवर सांगितलं.

तुम्ही किनाऱ्यावर घर बांधत असाल तर कृपा करून एक करा. कोटेशन घेण्याआधी एखाद्या एप्रिलच्या दुपारी चार वाजता त्या जागेवर पश्चिमेकडे तोंड करून अर्धा तास उभे राहा. मग मेन स्विच बंद करून एक रात्र तिथे झोपा. दाराची रिक्वायरमेंट आपोआप लिहून होईल.